कामिरीथुची तालीम

विषुववृत्ताजवळ जायचं म्हणून तुम्ही सुती कपडे घातलेत, आणि लिमुरूच्या स्टेशनवर उतरताच दात वाजायला लागले. केनियातल्या नैरोबीपासून हे गाव जेमतेम ३० किलोमीटरवर, पण उंची दोन हजार मीटरच्या वर, आणि जुलै हा इथला ऐन थंडीचा महिना. साल १९७७, वार रविवार. चहाच्या मळ्यांवर धुकं बसलंय. रस्त्याच्या कडेला एक बाई कढईत मांडाझी तळतेय. दोन घ्या, खिशात ठेवा, हात तरी गरम राहतील. पुढे बुटांचा कारखाना लागतो. बाटाचा. शाळा सुरू होताना तुमच्या पायात जे बूट चढायचे, त्यांच्यावरही हेच नाव असायचं.

एक सवलत आधीच घेऊन ठेवा. गिकुयू भाषा तुम्हांला कळते आहे. ती कळत नसती तर सगळं इंग्रजीतून ऐकावं लागलं असतं, आणि मग एवढ्या लांब यायचं कारण काय? तेवढं एम.ए.च्या नेमलेल्या पुस्तकात होतंच.

वाटेत पोरं तुमच्याकडे बघून 'मुहिंडी', म्हणजे हिंदी माणूस, म्हणतील. शिवी नाही ती, नुसती ओळख. पण ही ओळख साम्राज्यानेच पाडून ठेवलेली. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे घातली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांकडून. त्यांच्या आगेमागे व्यापारी आले, आणि मग मांडणी पक्की झाली: मळा गोऱ्याचा, दुकान हिंदी माणसाचं, मजुरी काळ्याची. वसाहतवादावर बोलताना आपण स्वतःला न विचारताच मार खाणाऱ्यांच्या रांगेत उभं करतो. लिमुरूत मात्र लोकांच्या लेखी तुम्ही गल्ल्यामागचे. अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या.

कामिरीथु आलं. घरं एकमेकांना खेटून, रांगेत. गिकुयू माणूस असं राहत नसे. तो आपापल्या उतारावर, आपल्या शेतात घर बांधायचा. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी माउ माउच्या लढ्याविरुद्ध आणीबाणी पुकारली आणि पुढे बंडखोरांना भाकरी मिळू नये म्हणून वस्त्याच्या वस्त्या पाडून लोकांना अशा गावांत कोंबलं. १९५५ साली अलायन्स हायस्कूलचं पहिलं सत्र संपवून एक मुलगा सुट्टीला आला, तर घर जागेवर नव्हतं. एकटं त्याचंच नव्हे, सगळी वस्तीच गेली होती. तो विचारत विचारत इथे आला. त्याचं नाव जेम्स न्गुगी. आज तो चाळिशीला टेकलाय, नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचा प्रमुख आहे आणि 'जेम्स' टाकून न्गुगी वा थिओंगो झालाय.

आता त्या मोकळ्या जागेकडे वळा. चार एकर. कोपऱ्यात मातीच्या भिंतींची मोडकी बराक. बाकीच्या जागेत माणसं खड्डे खणतायत, बांबू उभे करतायत. हे नाट्यगृह होणार आहे, दोन हजार माणसं बसतील एवढं, वर छप्पर नाही. नकाशा काढणारा कुणी आर्किटेक्ट शोधू नका. गावातल्या पोरांनी आधी काडेपेटीच्या काड्या जोडून लहान नमुना केला, आणि आता त्या नमुन्याबरहुकूम मोठं काम चाललंय.

तालीम सुरू आहे आणि ती उघड्यावर आहे. दार नाही, पास नाही. मळ्यातून परतणारी बाई पाठीवरची मोळी उतरवून उभी राहते, पाच मिनिटं बघते आणि बोलते. बोलते म्हणजे चूक काढते. नाटकाचं नाव 'न्गाहिका न्डेन्डा', मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन. संहितेवर नावं दोघांची: न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी. दिग्दर्शक किमानी गेचाउ. पण तासभर बसलात तर संहिता नेमकी कुणाची हे सांगणं तुम्हांला जड जाईल. म्हातारा माणूस तरुण पोरीशी असं बोलत नाही, असं कुणी म्हणतं. लग्नाच्या विधीत आधी हे येतं, मग ते, असं दुसरं कुणी. विद्यापीठातले शिकलेले लोक माना डोलावतात, खोडतात, पुन्हा लिहितात.

बाकाच्या टोकाला प्राध्यापक बसलेत, मांडीवर वही. समोर एक बाई, लिहिता-वाचता न येणारी. ती गितीरो सांगतेय. लग्नात दोन्हीकडच्या बाया एकमेकींना गाण्यातून प्रश्न टाकतात, गाण्यातूनच उत्तरं देतात, तो प्रकार. प्राध्यापक शब्दन्‌शब्द उतरवून घेतायत. ती थांबली की पेन थांबतं. तिने एखादी ओळ मागे घेतली की पेन ओळ खोडतं. हे जवळून बघा, घाई करू नका. साहित्याच्या विभागप्रमुखाला कुणी असं लिहायला बसवल्याचं तुम्ही आधी पाहिलं नसेल.

नाटकाची गोष्ट साधी आहे. किगुंडा मजूर. त्याच्याकडे दीड एकर जमीन, आणि तिची सनद त्याने घरात चौकट करून भिंतीला लावलेली. आपल्याकडे कुणी सातबारा फ्रेम करून देवाच्या तसबिरीशेजारी टांगावा, तशी. गावचा श्रीमंत किओई देवभोळा ख्रिस्ती. त्याच्या पोरामुळे किगुंडाच्या मुलीला दिवस जातात. किओई म्हणतो, आधी तुम्ही नवरा-बायको चर्चमध्ये रीतसर लग्न लावा. त्या लग्नासाठी किगुंडा कर्ज काढतो, तारण दीड एकर. पुढचं सांगायला नको. चौकट रिकामी होते.

खरं सांगायचं तर नाटक म्हणून ते मला फार मोठं वाटत नाही. खलनायक किओईचं पहिलं नाव अहाब आणि त्याच्या बायकोचं जेझबेल ठेवलं की मग प्रेक्षकाने शोधायचं काय? बायबल वाचलेल्या गावाला पडदा उघडण्याआधीच निकाल कळलेला. पण इथे उभं राहून हा शेरा मारायची हिंमत होत नाही, कारण एक भाग तसा नाही. मजुरीचा. कारखान्यात राबणाऱ्या माणसांनी तो प्राध्यापकांना समजावून दिलाय: यंत्र कसं चालतं, वास कसला येतो, पगाराच्या दिवशी हातात काय उरतं. त्यांचा हिशेब असा की सगळ्या कामगारांचा महिन्याचा पगार निघेल एवढा माल ते एका दिवसात काढतात. मग उरलेले २९ दिवस कुणासाठी? हा प्रश्न त्यांना कुठल्या परिसंवादात सुचलेला नाही.

जेवणाची सुट्टी झाली. तेवढ्यात १५ वर्षं मागे जाऊन या.

जून १९६२, कम्पाला. टेकडीवर मकेरेरे कॉलेज. युगांडा स्वतंत्र व्हायला चार महिने उरलेत. हवा उबदार, हिरवळ कापलेली, सगळे सुटात. इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरलीय. चिनुआ अचेबे आलेत, वोले सोयिंका आलेत, कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो आहेत, अमेरिकेहून लँग्स्टन ह्यूज आलेत. मागे एक सडपातळ विद्यार्थी, जेम्स न्गुगी, काखेत कादंबरीचं हस्तलिखित. अचेबेंनी ते बघावं अशी त्याची इच्छा आहे. त्याला बोलावणं आलंय ते इंग्रजीत छापून आलेल्या दोन लघुकथांवर. आणि व्यासपीठावर वाद रंगलाय: आफ्रिकी साहित्य म्हणजे काय?

इथे बसून हजेरी घ्या. स्वाहिलीतले सगळ्यांत नावाजलेले लेखक शाबान रॉबर्ट नाहीत. कविता, गद्य, निबंध, सगळं स्वाहिलीत. शेजारच्या टांगानिकातले. याच जून महिन्यात ते वारतील, आणि आफ्रिकी साहित्याची व्याख्या त्यांच्यावाचून होईल. योरुबातले फागुन्वाही नाहीत. कुणी अडवलं नाही त्यांना, फक्त पत्रिकेवर भाषेचं नाव होतं.

आणखी एक गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे, त्या सभागृहात बसलेल्या लेखकांना नाही. परिषदेला पैसा पुरवणाऱ्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संस्थेला सीआयए पोसतेय हे चार-पाच वर्षांनी वर्तमानपत्रांत येईल. सांगू नका, विश्वास ठेवणार नाहीत. शिवाय एवढ्याने परिषद खोटी ठरत नाही. सोयिंका सोयिंकाच राहतात. पण साम्राज्याचा अभ्यास करणाऱ्याने जेवणाचं बिल कोण भरतंय ते बघून ठेवावं.

पुढच्या वर्षी कम्पालातूनच, रजत निओगी यांच्या 'ट्रान्झिशन' मासिकातून, ओबी वाली नावाचे नायजेरियन समीक्षक विचारतील की युरोपीय भाषांत लिहून आफ्रिकी साहित्य पुढे जाणार तरी कसं. मोठी खडाजंगी होईल. अचेबे इंग्रजी सोडणार नाहीत, तिला आपल्या कामाला जुंपतील, आणि त्यांचं म्हणणंही हलक्यात घेण्यासारखं नाही. ऑक्टोबर १९६८ मध्ये नैरोबीत न्गुगी, हेन्री ओवुओर-अन्युम्बा आणि ताबान लो लियोंग हे तिघं एक टिपण देतील: इंग्रजी विभाग बंद करा, मध्यभागी आफ्रिका ठेवा, तोंडी परंपरेपासून सुरुवात करा, मग बाकीचं जग. त्या टिपणाची प्रत आज जगभरच्या अभ्यासक्रमात आहे. विभागाचं नाव खरंच बदललं. आणि नाव बदललेल्या विभागाचा प्रमुख १९७६पर्यंत कादंबऱ्या इंग्रजीतच लिहीत राहिला.

त्या १९७६ सालची एक सकाळ परतीच्या वाटेवर आहे, तिथे मिनिटभर थांबा. प्राध्यापकांच्या घराचं दार वाजतं. कामिरीथुतली एक बाई. ती नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नाही. तुम्ही फार शिकलात, पुस्तकं लिहिता असं ऐकलंय, त्यातलं थोडं शिक्षण गावाला द्या की, असं म्हणते आणि जाते. पुढच्या रविवारी पुन्हा येते, त्याच्या पुढच्याही. गावाच्या नावावर एक केंद्र आहे, मोडकळीला आलेलं, ते चालू करायचंय. प्राध्यापक शेवटी जातात. आधी प्रौढांचे साक्षरतेचे वर्ग निघतात, आणि त्या वर्गातून नाटक. फॅनन त्यांनी वाचला होता, मार्क्स वाचला होता. पण भाषा बदलली ती या बाईच्या फेऱ्यांमुळे: दोन हजार माणसांपुढे नाटक करायचं तर ते इंग्रजीत करून चालणार नव्हतं. तत्त्व नंतर आलं, आधी ही साधी अडचण.

जेवणाची सुट्टी संपली. पुन्हा जुलै १९७७.

दुपारी बंदुका करायचं काम निघतं. नाटकात माउ माउचे दिवस येतात, त्यासाठी लाकडाच्या खोट्या बंदुका हव्यात. पोरं खटपट करतायत, जमत नाहीये. मग वयस्कर माणसं पुढे होतात. पंचवीस वर्षांपूर्वी जंगलातल्या लढवय्यांसाठी त्यांनी खऱ्या गावठी बंदुका घडवल्या होत्या. नळी कशी धरायची, दांड्याला बाक किती, हे त्यांचे हात विसरलेले नाहीत. शाळेच्या पुस्तकात हा इतिहास दोन ओळींत उरकलेला. इथे तो सुतारकामासारखा शिकवला जातोय. 'सबाल्टर्नला बोलता येतं का' या प्रश्नावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या निबंध लिहिले जातील. तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसा आणि पॉलिश पेपर धरा.

२ ऑक्टोबर १९७७, रविवार. पहिला प्रयोग दिवसाउजेडी, म्हणजे कामकरी माणसाला येता येईल. आणीबाणीला या महिन्यात २५ वर्षं होतात. तुमच्या महाराष्ट्रातही या साली आणीबाणी हा शब्द ताजाच आहे, वेगळ्या कारणाने. माणसं पायी येतायत, मटाटू या प्रवासी गाड्यांना लटकून येतायत. गंमत अशी की बऱ्याच जणांना संवाद पाठ आहेत, कारण चार महिने तालीम त्यांच्यासमोरच झाली. एखादा नट अडखळला की शब्द प्रेक्षकांतून येतो. हीच ओळ आपण दुरुस्त केली होती, असं अभिमानाने शेजाऱ्याला सांगणारे दोघं-तिघं तुमच्या मागे बसलेत. किगुंडा सनदेकडे बघतो तेव्हा मात्र ते गप्प होतात.

१६ नोव्हेंबरला परवाना रद्द. किआम्बूच्या जिल्हा आयुक्तांनी केंद्रातले जाहीर कार्यक्रम थांबवले. देश स्वतंत्र होऊन १४ वर्षं होत आली. तुम्हांला साहजिकच खाडिलकरांचं 'कीचकवध' आठवेल: १९०७ साली रंगमंचावर आलं, कीचकात लोकांना कर्झन दिसला, १९१० साली बंदी आली. हत्यार होतं १८७६चा नाट्यप्रयोगांचा कायदा. त्या बंदीवर सही परक्याची होती. कामिरीथुत सही घरच्याची आहे, पण कोणता जमाव कुणाच्या परवानगीने जमायचा याची रीत साहेबाने घालून दिलेली तीच. नुसत्या साम्राज्याला शिव्या घालून हे प्रकरण सुटत नाही. स्वतंत्र देशात साम्राज्याच्या खुर्चीत कोण बसलं, हे नाटक विचारत होतं, आणि नेमक्या त्याच खुर्चीतून उत्तर आलं.

डिसेंबर संपता संपता, मध्यरात्री, पोलीस प्राध्यापकांच्या घरी येतात. इंग्रजीत त्यांनी याहून कडक लिहिलं होतं. त्याच वर्षी आलेल्या 'पेटल्स ऑफ ब्लड' या कादंबरीत सत्ताधाऱ्यांची सालं काढली होती, आणि तिच्या प्रकाशनाला एक मंत्रीही हजर होता. इंग्रजी कादंबरी सरकारला पचली. गिकुयू नाटक पचलं नाही.

कामिती तुरुंग, १९७८. खटला नाही, आरोप नाही, नावाऐवजी क्रमांक. याच तुरुंगात १९५७ साली ब्रिटिशांनी माउ माउचा सेनानी देदान किमाथी याला फाशी दिली आणि इथेच कुठेतरी पुरलं. कोठडीत फार वेळ थांबता येणार नाही, पण कागद हातात घेऊन बघा: शौचाला दिलेला कागद, जाडाभरडा, कडक. कैद्याला त्रास व्हावा म्हणूनच असला देतात. त्यावर पेन मात्र छान चालतं. कैदी गिकुयूत पहिली कादंबरी लिहितोय, 'चाइतानी मुथाराबाइनी', क्रुसावरचा सैतान. शब्द अडला की पहाऱ्यावरच्या शिपायाशी गप्पा मारून तो काढून घेतो. एकदा झडतीत सगळे कागद जातात. काही दिवसांनी अधिकारी ते परत आणून देतो आणि वर शेरा मारतो की आक्षेपार्ह काही नाही, गिकुयू मात्र फार अवघड आहे बुवा. कामिरीथुतल्या बाईने चुका काढल्या, आता तुरुंगाधिकारी काढतोय. या लेखकाचं नशीबच तसं.

याच १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड सैद यांचं 'ओरिएंटॅलिझम' निघतं. वसाहतोत्तर सिद्धान्ताचा जन्म विचारला की परीक्षेत हेच साल लिहायचं असतं. त्या पुस्तकाबद्दल मला आदरच आहे. पौर्वात्य माणसाचं चित्र पाश्चात्त्य विद्वत्तेने कसं रंगवलं हे त्याने दाखवलं, आणि त्यानंतर जुनी ग्रंथालयं पूर्वीसारखी वाचता येईनात. पण दुसऱ्याने काढलेलं आपलं चित्र तपासणं हे एक काम, आणि आपल्या माणसांसमोर बसून वाक्य खोडून घेणं हे दुसरं. पहिल्यासाठी विद्यापीठांत जागा झाली, विभाग निघाले, परिषदा भरल्या. दुसऱ्याला तुरुंग मिळाला.

१२ डिसेंबर १९७८ला सुटका होते, नोकरी परत मिळत नाही. यापुढचा क्रम मी मुद्दाम मोडतोय. आधी मार्च १९८२ उरकून घ्या. शस्त्रधारी पोलीस ट्रकांतून येतात आणि ते बिनछपराचं नाट्यगृह जमीनदोस्त करतात. त्याच वर्षी न्गुगी लंडनला जातात आणि मायदेशी परतणं अशक्य होतं. १९८६ साली 'डीकॉलनायझिंग द माइंड' येतं, जे तुम्ही परीक्षेपुरतं वाचलंत. इंग्रजीला निरोप देणारं पुस्तक, इंग्रजीत. त्यातलं नाटकावरचं प्रकरण पुन्हा काढून बघा. सगळी पुढची तत्त्वं त्या चार एकरांतून निघाल्याचं त्यांनी स्वतःच लिहिलंय, पण वर्गात बहुतेक वेळा भाषेवरचं पहिलं प्रकरण शिकवलं जातं आणि तास संपतो. २८ मे २०२५ला ते अमेरिकेत वारले, ८७व्या वर्षी.

आता १९८०. लिमुरूच्या आसपासचा एखादा बार, कारखान्याची पाळी सुटल्यानंतरचा. टॉयलेट पेपरवरची कादंबरी छापून आलीय. पहिली आवृत्ती पाच हजारांची होती, वर्ष संपायच्या आत पुन्हा छापावी लागली. पण प्रतींच्या आकड्यावरून वाचक मोजू नका. घरात एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मटाटूत वाचतात. बारमध्ये तर वाचणारे ठरलेले झालेत: चांगला आवाज, चांगली समज, पोटात थोडी बिअर. आज प्रकरण चोर-दरोडेखोरांच्या स्पर्धेचं आहे. एकेक लुटारू उभा राहून आपण जनतेला किती सफाईने नागवलं ते फुशारकीने सांगतोय. कोपऱ्यातला एक जण मध्येच तोडतो: आमच्या भागातला याच्यापेक्षा हुशार होता, तो पकडलाच गेला नाही. खसखस पिकते. दुसरा म्हणतो, अरे लेखकाला सांगा, पुढच्या वेळी तो घाला.

वाचणारा ऐन रंगात येतो. दरोडेखोर आपली सगळ्यांत मोठी युक्ती उघड करणार, तेवढ्यात तो पुस्तकात बोट घालून थांबतो आणि रिकामा ग्लास पुढे सरकवतो. प्रथाच आहे. ग्लास भरल्याशिवाय पुढचं पान नाही. दहा-बारा माना तुमच्याकडे वळतात. मुहिंडी आहात, गल्ला तुमच्याकडे असणारच.

टस्कर सांगा. त्या कोपऱ्यातल्यालाही एक, त्याची गोष्ट अजून अर्धीच झालीय.